नर्सिंग स्कूलला जायचंय: मुलींचे आणि आईवडिलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या नर्सिंग स्कूलच्या ऑफिसबाहेरचा बाक भरतो. रात्रीच्या गाडीने चिपळूणहून नाहीतर साताऱ्याहून आलेली मुलगी आणि कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी मांडीवर धरून बसलेले वडील. आत आल्यावर वडील फी आणि होस्टेलचं विचारतात. मुलगी गप्प असते. तिचे प्रश्न मला पुढे कधीतरी ऐकू येतात, पहिल्या नाइटला जिन्यात किंवा डेमो रूममध्ये चादरी घडी करताना. दोघांचेही प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः मुंबईतल्या अशाच एका रुग्णालयाच्या स्कूलमध्ये शिकले, वॉर्डात बरीच वर्षं काढली आणि आता शिकवते. पालकांना उत्तर देताना ‘तुम्ही’ म्हटलंय, मुलींना ‘तू’.

एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग यांत फरक काय?

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याचा भर लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, उपकेंद्रातलं काम यांवर असतो. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि त्यातच सहा महिन्यांची इंटर्नशिप येते. पूर्वी तो साडेतीन वर्षांचा होता, म्हणून जुन्या सिस्टर अजूनही ‘आमची साडेतीन वर्षं’ असं बोलतात. बी.एस्सी. ही चार वर्षांची पदवी असून महाराष्ट्रात ती बहुतेक ठिकाणी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मिळते. जीएनएम किंवा बी.एस्सी. झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि त्यानंतरच नावापुढे ‘नोंदणीकृत परिचारिका व प्रसविका’ लागतं. नोंदणीशिवाय नुसत्या गुणपत्रिकेवर रुग्णाला हात लावता येत नाही.

मुलगी कला शाखेतून बारावी झाली आहे. तिला घेतील का?

जीएनएमला घेतात. शाखा कोणतीही चालते. बारावीला इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण हवेत. वय १७ पूर्ण हवं आणि ३५ च्या आत हवं. बी.एस्सी.साठी मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, तसंच खुल्या गटाला ४५ टक्के. बी.एस्सी.ची प्रवेश परीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो. तारखा आणि अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. शेजारच्या ताईने दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या आठवणीवर अर्ज भरू नका. तसं करून हुकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

एक एजंट म्हणतो, पैसे भरा, हजर राहायची गरज नाही, सर्टिफिकेट घरी येईल. काय करावं?

त्याच्याकडून उठून या. भारतीय नर्सिंग परिषदेचा नियम असा आहे की वर्गातली हजेरी ८० टक्के लागते आणि वॉर्डातले नेमून दिलेले तास शंभर टक्के भरल्याशिवाय डिप्लोमा किंवा पदवी हातात पडत नाही. आजारी पडून बुडालेली ड्युटीसुद्धा नंतर भरून काढावी लागते. हा नियम जाचक वाटतो खरा, पण तो रुग्णाच्या बाजूने केलेला आहे.

कोणतीही संस्था बघायला जाल तेव्हा इमारतीतल्या फरश्या बघू नका. तीन गोष्टी विचारा: भारतीय नर्सिंग परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांची मान्यता आहे का, मुली कोणत्या रुग्णालयात शिकायला जातात, आणि तिथे रुग्ण खरोखर असतात का. रिकाम्या खाटांवर नर्स घडत नाही. मुंबईची खरी श्रीमंती इथे आहे. एकट्या परळमध्ये केईएम, टाटा कॅन्सर आणि मुलांचं वाडिया ही रुग्णालयं पायी फिरता येतील इतकी जवळ आहेत. केईएम १९२६ पासून चालू आहे, भायखळ्याचं जे. जे. १८४५ पासून. चिंचपोकळीला साथीच्या रोगांचं कस्तुरबा आहे, सायनला लोकमान्य टिळक रुग्णालय. पुस्तकात एका ओळीत येणारा आजार इथे एकाच आठवड्यात चार वेगवेगळ्या चेहऱ्यांनी समोर येतो.

पहिल्या वर्षी काय शिकवतात? लगेच इंजेक्शन द्यायला मिळतं का?

नाही, आणि ते बरंच आहे. आधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वं. डेमो रूममध्ये ट्यूटर एकदा करून दाखवतात आणि मग रिटर्न डेमो तू द्यायचा, डमीवर किंवा मैत्रिणीवर. पहिला धडा बेड करण्याचा. चादरीचा कॉर्नर असा दुमडायचा की रुग्ण रात्रभर कूस बदलत राहिला तरी ती सुटू नये. मॅकिंटॉशवर, म्हणजे रबरी चादरीवर, ड्रॉ शीट ही आडवी कापडी चादर पसरताना एकही सुरकुती राहता कामा नये. मुली हसतात, म्हणतात, बारावीला एवढा अभ्यास केला तो चादरी घालायला का?

ती सुरकुती तासन्तास एकाच जागी पाठीला टोचत राहते. ज्याला स्वतःहून हलता येत नाही, त्याच्या कातडीचा रक्तपुरवठा तिथे दबतो, आधी लाली येते आणि मग बेडसोर. लाली दिसली तेव्हाच लक्ष गेलं तर दर दोन तासांनी कूस बदलून ते थांबवता येतं. जखम झाल्यावर महिने जातात.

अंग पुसणं, बेडपॅन देणं ही तर मावश्यांची कामं. माझ्या मुलीने शिकून हेच करायचं का?

हा प्रश्न वडील दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मी त्याचं उत्तर मोठ्याने देते. वॉर्डातल्या मावश्या आणि मामा नसतील तर एक दिवसही जाणार नाही, त्यांच्या कामाला कमी लेखणाऱ्या मुलीला मी पहिल्याच आठवड्यात थांबवते. पण नर्स जेव्हा रुग्णाला स्पंजिंग करते तेव्हा त्या पंधरा-वीस मिनिटांत ती काय काय बघत असते ते ऐका. पायावर बोट दाबून सूज आहे का, खड्डा पडतो का. डोळ्यांत पिवळेपणा आहे का. श्वास घेताना फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते का. सलाइनच्या जागी लाली आहे का. काल उजवा हात उचलणारा माणूस आज तो उचलतोय का. आणि बोलताना बाई मध्येच रडली तर का रडली. डॉक्टरांचा राउंड एका खाटेपाशी काही मिनिटांचा असतो. आठ तास त्या खाटेपाशी नर्स असते. माझ्या मते या तीन वर्षांत एकच गोष्ट शिकायची असते, ती म्हणजे बघणं. बाकीची सगळी कौशल्यं त्या बघण्याच्या मागोमाग येतात.

माझीच एक गोष्ट सांगते. दुसऱ्या वर्षाला संध्याकाळच्या पाळीत मी टीपीआर घेत होते, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. वॉर्ड भरलेला, जमिनीवरही गाद्या. नाडी मी मोजली. श्वास मोजायला प्रत्येकी पूर्ण मिनिट लागतं, म्हणून चार्टवर ओळीने २०, २०, १८, २० असं लिहीत गेले. सगळ्या करतात असं मनाशी म्हणत. इन-चार्ज सिस्टरांनी चार्ट पाहिला आणि काही न बोलता मला एका खाटेपाशी नेलं. माझा हात त्या आजोबांच्या पोटावर ठेवला आणि स्वतःचं घड्याळ समोर धरलं. एका मिनिटाला ३६ भरले. निरोगी मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. मी ‘२०’ लिहिलेला तो माणूस माझ्यासमोर दमत होता. डॉक्टरांना बोलावलं, ऑक्सिजन लागला, आजोबा सावरले. सिस्टर मला रागावल्या नाहीत. मी मात्र त्या रात्री जेवले नाही. आजही विद्यार्थिनीचा चार्ट हातात घेतला की माझी नजर पहिल्यांदा श्वासाच्या रकान्यावर जाते.

मी मराठी माध्यमातली. सगळं इंग्रजीत असतं म्हणे. जमेल का मला?

जमेल. पुस्तकं, परीक्षा, रिपोर्ट बुक हे इंग्रजीत असतं आणि पहिले चार-सहा महिने जड जातात. रोज दहा शब्द वहीत लिही, शब्दाचा तुकडा पाडून. ‘टाकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे संथ, ‘कार्डिया’ म्हणजे हृदय. एकदा हे तुकडे कळले की अनोळखी शब्दही उलगडायला लागतो. उलट तुझ्याकडे जे आहे ते इंग्रजी माध्यमातल्या मुलीला कमवावं लागतं. ‘पोटात कालवाकालव होते’, ‘छातीत धडधडतंय’, ‘अंगात कसकस आहे’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ यांत फरक काय हे तुला कोणी शिकवावं लागत नाही. आणि मुंबईचा वॉर्ड म्हणजे एका खाटेवर भोजपुरी, शेजारी गुजराती, पलीकडे मालवणी. थोड्या दिवसांत ‘कहाँ दुखता है’ आणि ‘क्यां दुखे छे’ दोन्ही आपसूक तोंडी बसतं.

रक्त बघून मला चक्कर येते. नर्सिंग माझ्यासाठी नाही का?

पहिल्या ड्रेसिंगला भिंत धरून उभ्या राहिलेल्या मुली पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये उत्तम ओटी नर्स झालेल्या आहेत. उपाशीपोटी वॉर्डात येऊ नकोस, गुडघे ताठ करून उभी राहू नकोस, आणि गरगरायला लागलं तर लाज न बाळगता खाली बस. नुसतं बघत राहिलीस की चक्कर येते. हाताला काम मिळालं, किडनी ट्रे धरायला सांगितला, की ती बहुतेकदा जाते.

दिवस कसा जातो?

पाळ्या तीन: सकाळ, संध्याकाळ, रात्र. शिकाऊ मुलींना वर्ग आणि वॉर्ड दोन्ही सांभाळावे लागतात, म्हणून सकाळची ड्युटी उरकून दुपारी लेक्चर असा मेळ पुष्कळदा असतो. पाळीची सुरुवात ओव्हर घेण्याने होते. आधीच्या पाळीची सिस्टर खाटेगणिक सांगत जाते, कोणाचं ऑपरेशन आहे, कोणाला पाणीही द्यायचं नाही, कोणाची लघवी सकाळपासून झालेली नाही. ओव्हर नीट ऐकणारी मुलगी निम्मी ड्युटी जिंकते.

मग औषधं. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. एका वॉर्डात दोन ‘सुनीता’ असतात, म्हणून नुसतं नाव हाक मारून विचारायचं नाही, केसपेपर आणि पूर्ण नाव ताडून बघायचं. सलाइनचे थेंब मोजायचे. ५०० मिलीलीटर आठ तासांत द्यायचं आणि सेट एका मिलीलीटरला २० थेंबांचा असेल तर मिनिटाला साधारण २१ थेंब. हा हिशेब बोटांवर यायला हवा. दोन रुग्णांच्या मध्ये हात धुवायचे. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हॅण्डरबने २० ते ३० सेकंद. कचऱ्याचे रंग पाठ करायचे: रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काच निळ्यात.

पावसाळ्यात हा सगळा हिशेब दुप्पट होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मलेरिया, डेंग्यू आणि साचलेल्या पाण्यातून चालल्यावर होणारा लेप्टो, तिघांचेही रुग्ण एकदम येतात. गाड्या बंद पडल्या की पुढच्या पाळीची सिस्टर कुर्ल्याला नाहीतर दादरला अडकते आणि आतली मुलगी आपली पाळी संपली म्हणून निघून जात नाही.

सुई टोचली तर?

वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, हा पहिला नियम. तरी टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची किंवा चोखायची नाही, आणि लगेच इन-चार्ज सिस्टरना सांगायचं. एचआयव्हीविरुद्धचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करायचं असतं, त्यामुळे भीतीने गप्प बसण्यात जाणारा प्रत्येक तास महाग पडतो. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस वॉर्डात पाऊल टाकण्याआधी सुरू करा. हे वाक्य पालकांसाठी आहे.

चूक झाली तर काढून टाकतात का?

चूक सांगणाऱ्या मुलीला मी कधी काढून टाकलेलं पाहिलं नाही. लपवलेली चूक वेगळी. चुकीच्या खाटेला गोळी गेली आणि दहा मिनिटांत कळलं तर बहुतेक वेळा काही करता येतं. दुसऱ्या दिवशी कळलं तर नाही. मी मुलींना सांगते, बोलणी बसतील, रडशील, पण आधी बोल.

लेबर रूमची भीती वाटते.

सगळ्यांना वाटते, कारण तिथे आवाज असतो. शिक्षणात ठरावीक बाळंतपणं स्वतःच्या हाताने, देखरेखीखाली करावी लागतात आणि ती प्रसूती-नोंदवहीत उतरवावी लागतात. डोकं दिसायला लागल्यावर हात कसा ठेवायचा, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बाळाचा रंग, नाडी, हालचाल, श्वास कसा जोखायचा, वार (प्लासेंटा) पूर्ण आली का ते कसं तपासायचं. एक गोष्ट मात्र नोंदवहीत लिहायला जागा नसते: कळा येणाऱ्या बाईवर ओरडायचं नाही. काही ठिकाणी ओरडतात. मी ऐकलं आहे, शिकाऊ असताना मुकाट्याने पाहिलंही आहे आणि त्याची मला आजही लाज वाटते. तू तिच्या कमरेला आधार दे आणि नावाने हाक मार.

मानसिक रुग्णालयात आणि वस्तीतही पाठवतात?

हो. मुंबईतल्या बऱ्याच मुली मानसोपचाराच्या पोस्टिंगला ठाण्याच्या मनोरुग्णालयात जातात. ते १९०१ सालचं आहे. जाताना घाबरलेल्या असतात, परत येताना एखाद्या आजीची आठवण काढत येतात. तिथे औषधापेक्षा ऐकणं जास्त शिकायला मिळतं. कम्युनिटीच्या पोस्टिंगमध्ये चाळी आणि झोपडपट्ट्यांतून घरभेटी असतात. दहा बाय दहाच्या खोलीत क्षयाचा रुग्ण, तान्हं बाळ आणि स्टोव्ह एकत्र पाहिल्यावर ‘हवेशीर खोलीत ठेवा’ हा पुस्तकी सल्ला तिथे देताना जीभ अडखळते. मग खिडकी कुठली उघडता येईल, बाळाची झोपायची जागा कुठे हलवता येईल, हे त्या घरात बसून ठरवावं लागतं.

होस्टेल कसं असतं?

एका खोलीत दोघी-तिघी, कधी जास्त. गेटची वेळ कडक. वॉर्डन रागीट वाटतात. नाइटवरून आलेली मुलगी झोपलेली असताना दिवसपाळीच्या मुलींनी आवाज न करणं हा लिहून न ठेवलेला, पण सगळ्यात जास्त पाळला जाणारा नियम आहे. मेसच्या जेवणाबद्दल तक्रार असणारच, घरून आलेला लाडूंचा डबा एका रात्रीत संपणारच. १२ मे, परिचारिका दिन, धामधुमीत साजरा होतो. दीपप्रज्वलन आणि शपथेच्या दिवशी आईवडिलांनी नक्की यावं.

मुलगी मुंबईत एकटी, रात्रपाळी. सुरक्षित आहे का?

मी खोटा दिलासा देणार नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममधल्या अरुणा शानबाग या परिचारिकेवर रुग्णालयातल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. त्या पुन्हा कधी सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर जवळपास ४२ वर्षं तिथल्या नर्सेसच्या पिढ्यांनी त्यांना भरवलं, न्हाऊमाखू घातलं, कूस बदलली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना बेडसोर होऊ दिले नाहीत. वर चादरीच्या सुरकुतीबद्दल लिहिलं ते वाचताना हे आठवा.

आज २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. प्रवेश घेताना विचारा: समितीच्या सदस्यांची नावं कुठे लावली आहेत? कपडे बदलायची खोली कुठे आहे, तिला आतून कडी आहे का? रात्री होस्टेलपासून वॉर्डापर्यंतच्या वाटेवर दिवे आहेत का? हे प्रश्न विचारणाऱ्या पालकांना मी आगाऊ समजत नाही.

आमच्याकडे लोक म्हणतात, नर्सचं लग्न जमत नाही, मान नसतो.

म्हणतात खरे. १८९१ साली बाई काशीबाई गणपत मुंबईत परिचर्येचं शिक्षण घ्यायला आल्या. असं शिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय परिचारिका मानल्या जातात. त्यांना लोक काय काय म्हणाले असतील याचा विचार करा. आणि २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले तेव्हा ड्युटीवरच्या अंजली कुलथे यांनी प्रसूतिपूर्व वॉर्डातल्या वीस गरोदर बायांना टोकाच्या लहानशा पॅण्ट्रीत हलवून दारं बंद केली. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या कडेकडेने लेबर रूमपर्यंत नेलं. पुढे त्यांनी न्यायालयात कसाबला ओळखलं. लग्नं आमच्या मुलींची होतात. पाळ्यांची नोकरी समजून घेणारं घर मिळावं, एवढंच मी पालकांना शोधायला सांगते.

मुलग्यांना प्रवेश असतो का?

असतो, जागा अनेक ठिकाणी कमी असतात. वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. पुरुष वॉर्ड, कॅज्युअल्टी, आयसीयू इथे त्यांची फार गरज असते.

पहिला मृत्यू पाहिल्यावर काय करायचं?

नातेवाइकांना एकांत द्यायचा. देहाचे डोळे मिटायचे, नळ्या काढायच्या, अंग स्वच्छ करायचं, नावाची पट्टी लावायची. हे करताना मी मुलींना त्या माणसाशी हळू बोलायला सांगते, ‘आजी, आता कूस बदलते हं’, जसं जिवंतपणी बोलत होती तसंच. मग जिन्यात जाऊन रड. कोणीतरी मोठी सिस्टर चहाचा कप घेऊन येईल. ती काही विचारणार नाही.

शिकल्यावर पुढे काय?

महानगरपालिका, राज्य शासन, ईएसआयसी (कामगार विमा), रेल्वे, खासगी रुग्णालयं. एम्सच्या नोकरीसाठी नॉरसेट परीक्षा असते. जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते, पदवीनंतर एम.एस्सी. परदेशी जायचं तर भाषेची परीक्षा आलीच, आणि अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा. इथे मात्र एका खाजगी दुःखाची नोंद करते. पुष्कळ छोट्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षं शिकलेल्या मुलीला मिळणारा पगार तिच्या कामाला शोभत नाही, आणि एका पाळीत तिच्या वाट्याला येणाऱ्या रुग्णांची संख्याही रास्त नसते. सही करण्याआधी बाँड आणि मूळ कागदपत्रं ठेवून घेण्याची अट नीट वाच. मूळ प्रमाणपत्रं कोणालाही देऊ नकोस.

येताना सोबत काय आणू?

आवाज न करणारे, मागून बंद असलेले पांढरे किंवा काळे बूट, पायाला नीट बसणारे. दोन पेनं, एक निळं, एक लाल. छोटी खिशातली वही. केसांना जाळी आणि पिना. बांगड्या, अंगठ्या, नेलपॉलिश घरी ठेव. आणि सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ. मोबाइलवर वेळ बघता येते, पण एक हात रुग्णाच्या मनगटावर असताना दुसऱ्या हाताने मोबाइल काढायचा नसतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नकोस, अजून नाडीच मोजते आहेस असं त्याला वाटू दे. आपला श्वास कोणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. तोच हात तसाच धरून छातीकडे बघ आणि पूर्ण साठ सेकंद मोज.